एका रेघेबद्दल आभार

मॅडम, नमस्कार.

नाव घातलं तर तुम्ही रागवाल, म्हणून घालत नाही. मे महिन्यात, ऐन आंब्याच्या कॅनिंगच्या (पल्प डब्यात भरायच्या) धामधुमीत, रत्नागिरीच्या साळवी स्टॉपवरून रिक्षा करून एक घामाघूम मुलगी तुमच्या कारखान्याच्या गेटवर आली होती, ती मी. ओळख ना पाळख. "क्वालिटी कंट्रोलमध्ये नक्की काय करतात ते बघायचंय," एवढंच वॉचमनला सांगता आलं.

त्याआधी एका करिअर मार्गदर्शनवाल्यांनी आईकडून दोन हजार रुपये घेऊन "केमिस्ट्री? मग एमबीए करा" असं ज्ञान दिलं होतं. एका मुलाखतीत साहेबांनी माझा बायोडेटा चाळता चाळता चहा मागवला, स्वतःपुरता, आणि "मधलं एक वर्ष कुठे गेलं?" विचारून उत्तराआधीच कागद परत केला. काकांचं तर कायमचंच: "चार वर्षं शिकून माशांचे वास घेणार?"

तुम्ही डोक्याला टोपी आणि पायात गमबूट चढवायला लावून मला सरळ पल्पच्या लाइनवर नेलंत. काचेवर थेंबभर पल्प ठेवून गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्या हातात दिलात. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, 4.6 च्या खाली असला की बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तो डबा उद्या कुणाच्या तरी घरात उघडणार, हे मात्र तिथे उभं राहिल्यावर सुचलं. मग कुठे काय काम असतं ते सांगितलंत: लोट्याला केमिकल कंपनीत गेलीस तर टायट्रेशन आणि एचपीएलसी अशा रासायनिक तपासण्या, काजूत ओलावा आणि प्रतवारी, मासळीत बर्फ, वास आणि जंतू मोजायच्या मायक्रोच्या प्लेटी. "थंडी सोसते का? मग मासळी बघ," म्हणालात. दोन हजार रुपयांत जे कळलं नाही ते पाच मिनिटांत, फुकट.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही.

निघताना तुम्ही बायोडेटा मागितलात. शेवटच्या वर्षाला एकदा नापास झाले होते आणि त्या वर्षापुढे मी "घरगुती कारण" लिहिलं होतं. तुम्ही एकदाच वर पाहिलंत. काही बोलला नाहीत. कपाटातून एक जुनं, डाग पडलेलं रजिस्टर काढून उघडलंत. तुमच्याच अक्षरात एक ब्रिक्सचा, म्हणजे गोडीचा, आकडा, त्यावर एकच सरळ रेघ, आतला चुकीचा आकडा स्वच्छ वाचता येणारा, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. "इथे व्हाइटनर चालत नाही," म्हणालात आणि पेन माझ्याकडे सरकवलंत.

मी "घरगुती कारण"वर रेघ मारली. वर लिहिलं, नापास. सही, तारीख. हात थरथरत होता. तुम्ही तोवर खिडकीबाहेर आंब्याच्या क्रेटी मोजत असल्याचं नाटक करत होतात, ते मला कळलं होतं हो.

चूक पकडणं ज्यांचं कामच आहे, त्यांनी ती इतक्या हलक्या हाताने धरावी! आंब्यातला साका, म्हणजे आतला बिघडलेला गर, कापल्याशिवाय दिसत नाही. माणसाला न कापता बघणारे तुमच्यासारखे थोडे. वॉचमनदादांनाही नमस्कार सांगा. "आत विचारून येतो" म्हणणारा वॉचमनसुद्धा रोज भेटत नाही.

1 ऑगस्टला मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली, होड्या समुद्रात गेल्या आणि मी मासळीच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. तोच बायोडेटा दिला, रेघेसकट. काकांना कळवलंय: हो, वासच घेते, त्याला ऑर्गनोलेप्टिक तपासणी म्हणतात आणि तिचा पगार मिळतो.

गणपती झाल्यावर कामावर परतले त्या दिवशी कोल्ड स्टोरेजच्या रजिस्टरात उणे 18 च्या जागी उणे 81 लिहून बसले. सुपरवायझर समोरच उभे होते. एक रेघ, सही, तारीख. ते काही न बोलता पुढे गेले.

आईने तुमच्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली भरून ठेवली आहे. रविवारी घेऊन येते. बायोडेटा नाही आणणार.

तुमची,
गेटवरची मुलगी