गोधडीचा लिलाव

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
रविवार, ११ मे २०२५

ती. आबा आणि सौ. आई यांना बेबीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. चिऊचा खोकला पूर्ण गेला. आईने सांगितलेला ज्येष्ठमधाचा काढा चांगला लागू पडला.

आबा, परवा नऊ मेला सकाळी जाग आली ती तुमच्या आठवणीनेच. कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांची पुण्यतिथी. लहानपणी त्या दिवशी तुम्ही आम्हां भावंडांना ओट्यावर बसवून दर वर्षी तीच हकीकत सांगायचात. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावात अण्णांची रयत शिक्षण संस्था निघाली, साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटाला मिळावं म्हणून लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यानंतर आपल्या आजीचं गाडगं यायचं. जात्यावर बसण्याआधी आजी जोंधळ्याची एक मूठ बाजूला काढून त्या गाडग्यात टाकायची, मुष्टिफंडासाठी. बोर्डिंगची पोरं पोतं घेऊन आली की गाडगं पोत्यात उपडं व्हायचं. पाटलांच्या वाड्यातली मूठ आणि आपल्या घरातली मूठ एकाच पोत्यात. तुम्ही हे सांगताना माझं लक्ष परसातल्या चिंचांकडे असायचं. गेला दीड महिना मात्र ते पोतं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

चिऊच्या शाळेचा तो देणग्यांचा समारंभ कसा झाला म्हणून आईने फोनवर विचारलं, तेव्हा 'छान झाला' एवढंच बोलून मी विषय बदलला. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सगळं लिहिते.

आधी पैशांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मॅनहॅटनमधल्या अशा खाजगी शाळांची वर्षाची फी आता ६५ हजार डॉलरच्या घरात आहे, म्हणजे आपले पंचावन्न लाख. चिऊची शाळा त्यातलीच. आमच्या दोघांच्या पगारात ती मुळीच बसत नाही. दोन तृतीयांश फी शाळा माफ करते, उरलेली आम्ही भरतो, आणि तेवढीही भरताना नाकी नऊ येतात. या माफीसाठी दर वर्षी सगळे कागद द्यावे लागतात. आयकराचं विवरण, दोघांच्या पगाराचे दाखले, बँकेतली शिल्लक, गाडी आहे का, घर आहे का. तुम्हांला जे पैसे पाठवते तेही एका रकान्यात लिहिते. एवढं करून तिथे का घातलं, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. तिच्या आधीच्या सरकारी शाळेत वर्गात बत्तीस मुलं होती. बाई जीव तोडून शिकवायच्या, पण चिऊ वाचनात मागे पडत होती आणि तिच्याशेजारी बसायला कुणाला वेळ नव्हता. इथे वर्गात अठरा मुलं आणि दोन शिक्षिका आहेत. ती आता रात्री पुस्तक उशाशी घेऊन झोपते. त्यामुळे शाळेबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे, ही गोष्ट आधी सांगून ठेवते.

एवढी फी घेऊनही शाळेचा खर्च निघत नाही, असं शाळा सांगते. मास्तरांचे पगार, न्यूयॉर्कमधली जागा आणि आमच्यासारख्यांची माफी, हे सगळं फीच्या वर जातं. मग वर्षभर देणग्या गोळा होतात. तुम्हांला 'डोनेशन' शब्दाचा किती तिटकारा आहे ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे डोनेशन म्हणजे प्रवेशासाठी टेबलाखालून दिलेले पैसे. त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९८७ साली कायदा झाला तेव्हा तुम्हांला किती बरं वाटलं होतं, हेही तुम्हीच सांगितलंत. इथलं तसं नाही. इथे प्रवेश झाल्यावर मागतात, पावती देतात आणि सगळं उघड चालतं. अडचण आहे ती या उघडपणाचीच.

शरद ऋतूत वर्गाच्या प्रतिनिधी आया फोन करतात. रक्कम कितीही चालेल, पण प्रत्येक घराने काहीतरी द्यावं, म्हणजे 'शंभर टक्के पालकांचा सहभाग' असं छापता येतं. आम्ही पन्नास डॉलर दिले. वर्षाच्या शेवटी एक पुस्तिका निघते. तिच्यात देणाऱ्यांची नावं रकमेच्या पायऱ्यांप्रमाणे छापलेली असतात. वरच्या पायरीला भारदस्त नाव, मग त्याखालची, मग त्याखालची. आमचं नाव शेवटच्या पानावर असतं. गेल्या वर्षी चिऊने ते शोधून काढलं आणि विचारलं, "आई, हे एबीसीडीप्रमाणे का नाहीत?"

आबा, तुम्ही हिशेबाला पक्के, म्हणून एक गोष्ट सांगते. शाळा धर्मादाय संस्था असल्यामुळे देणगी करपात्र उत्पन्नातून वजा होते. पण २०२५ च्या नियमांप्रमाणे आमच्यासारखे लोक सरसकट मिळणारी वजावट घेतात, त्यामुळे आमचे पन्नास ते पूर्ण पन्नासच. कराच्या सगळ्यात वरच्या, ३७ टक्क्यांच्या दरात बसणाऱ्या माणसाने वजावटी तपशीलवार दाखवून दहा हजार दिले, तर केंद्राच्या कराचेच ३,७०० वाचून त्याच्या खिशाला ६,३०० चीच झळ लागते. पुस्तिकेत मात्र त्याच्या नावापुढे दहा हजारांची पायरी दिसते.

मुख्य कार्यक्रम २९ मार्चला झाला. एका मोठ्या हॉटेलात रात्रीचं जेवण आणि लिलाव. तिकीट माणशी साडेतीनशे डॉलर. माफीवाल्या घरांना पन्नास डॉलरमध्ये बोलावलं होतं. तेही चांगल्या मनाने, कुणी मागे राहू नये म्हणून. मी दुपारी प्रयोगशाळेतली पाळी संपवून तिथे मदतीला गेले, टेबलांवर नॅपकिन घड्या घालून ठेवले, आणि तिथल्याच बाथरूममध्ये तुम्ही दिवाळीला घेतलेली जांभळी नारायणपेठ नेसले. साडीचं सगळ्यांनी कौतुक केलं.

लिलावात काय काय होतं! कुणाचं समुद्राकाठचं घर आठवड्यासाठी, शाळेसमोर वर्षभर गाडी लावायची राखीव जागा, पदवीदान समारंभात पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, एक दिवस मुख्याध्यापक व्हायचा मान. तो एक दिवसाचा मुख्याध्यापक म्हणजे मूल. ज्याचे आईबाप जास्त बोली लावतील ते मूल. मास्तर म्हणून तुमची बत्तीस वर्षं गेली. वर्गातल्या कुठल्या पोराला मान द्यायचा, हे तुम्ही कशावरून ठरवायचात ते मी पाहिलंय. मला ते ऐकवेना.

मग दिवे मंद झाले. प्रत्येकाच्या हातात दांडी लावलेला पुठ्ठ्याचा पंखा होता, वर आकडा लिहिलेला. आमचा २१४. लिलाव करणारा माणूस म्हणाला, आता काही विकत घ्यायचं नाही, नुसतं द्यायचं, गरजू मुलांच्या फीसाठी. त्याने पन्नास हजारांपासून सुरुवात केली. तीन पंखे वर गेले, टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पंचवीस हजार, दहा, पाच, एक हजार. आकडा खाली येईल तसे पंखे वाढत गेले आणि टाळ्या कमी होत गेल्या. पाचशेला शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांनी हात वर केले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच नको म्हटलं. शेवटी शंभरचा पुकारा झाला, तोवर वेटर गोड पदार्थ वाढायला लागले होते आणि लोक आपापसांत बोलत होते. मी २१४ नंबर वर केला. शंभर डॉलर म्हणजे आमचा पंधरा दिवसांचा भाजीपाला. ते द्यायला मला जड वाटलं नाही. ज्या माफीवर चिऊ शिकते तिच्यातच ते जाणार होते. पण अंधारात पंखा वर धरून बसले असताना मनात आलं, या दालनातले निम्मे लोक आत्ता माझ्या मुलीची फी देत आहेत, आणि कुणाची ऐपत किती हे पन्नास हजारांपासून शंभरपर्यंत ओळीने सगळ्यांना दिसलं आहे.

आता गोधडीचं.

जानेवारीत चिऊच्या वर्गाने गोधडी करायला घेतली. प्रत्येकाने घरून असं कापड आणायचं, ज्याच्यामागे एखादी हकीकत आहे. एका मुलाने आजोबांच्या नौदलातल्या गणवेशाचा तुकडा आणला, एका मुलीने बाळपणीचं दुपटं. चिऊने आईची हिरवी इरकल आणली. आई, तू २०२२ मध्ये आली होतीस तेव्हा इथेच ठेवून गेलीस ना, विरलेली, 'पुसायला घे' म्हणून? मी ती पुसायला घेतली नव्हती. चिऊने टोपपदराचा तांबडा चौकोन कापला, आणि तिला मी आपल्या घरची गोधडी सांगितली. आत जुनी लुगडी कशी अंथरतात, दुपारी सगळ्या बायका चारी बाजूंनी बसून धावदोरा कसा घालतात, आपण भावंडं एकाच गोधडीत कशी झोपायचो. तिने ते वर्गात उभं राहून सांगितलं. बाईंनी मला मुद्दाम चिठ्ठी पाठवली की मुलं फार मन लावून ऐकत होती.

ती गोधडी लिलावात आहे हे मला त्या रात्री मंचावर ती उलगडली तेव्हा कळलं. वर्गप्रकल्प दर वर्षी विकतात म्हणे. सगळ्यांना माहीत असतं. दोन हजारांपासून बोली सुरू झाली. दोन घरांत चुरस लागली आणि साडेआठ हजार डॉलरला गेली. आपले सव्वासात लाख. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तांबडा चौकोन वरच्या रांगेत डावीकडून दुसरा होता, मला लांबूनही ओळखू आला.

ज्यांनी घेतली ती माणसं वाईट नाहीत. त्या बाई मला नेहमी नावाने हाक मारतात. पावसात एकदा चिऊला स्टेशनपर्यंत गाडीने सोडलं होतं. त्यांनी दिलेला पैसा मुलांच्या शिक्षणालाच जातो. त्यांच्या श्रीमंतीचा मला हेवा नाही. तुम्ही तसं वाढवलंच नाहीत. पण गेल्या शनिवारी त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला चिऊ गेली होती. घरी आल्यावर बूटसुद्धा न काढता सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, आपली गोधडी त्यांच्या जिन्यात लावलीय, काचेत. आजीची साडी वर आहे. माझा हात पोचला नाही." थोड्या वेळाने विचारलं, "ती त्यांची आहे की आमच्या वर्गाची?"

अठरा मुलांनी शिवलेली वस्तू एका मुलाच्या घरी गेली, आणि बाकी सतरांना ती का मिळाली नाही हे त्यांना कळतं. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना हे नक्की कळतं. चिऊ माफीवर शिकते हे आम्ही तिला सांगितलेलं नाही, पण तिने ते या सगळ्यावरून जोडून काढलं असणार.

सरकारी शाळांत असं नाही असं समजू नका. न्यूयॉर्कच्या श्रीमंत वस्त्यांतल्या काही सरकारी शाळांच्या पालक संघटना वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर जमवतात. चिऊच्या जुन्या शाळेत आम्ही घरी केलेले केक विकून सहल काढायचो. कुठली संघटना किती जमवते हे जाहीर करायला लावणारा कायदा शहराने २०१८ मध्ये केला. आकडे कळायला लागले, फरक आहे तिथेच आहे.

मी गप्प बसले नाही, आबा. मी आणि आणखी चार आयांनी मुख्याध्यापिकांना पत्र लिहिलं. त्या चौघींतल्या दोघी पुरी फी भरणाऱ्या आहेत. तीनच गोष्टी मागितल्या. मुलांच्या हातचं काम लिलावात ठेवू नका, मुलांना मिळायचा मान विकू नका, आणि पुस्तिकेतली नावं रकमेप्रमाणे न छापता अक्षरांच्या क्रमाने छापा. सही करताना हात थरथरला. माफीवर असलेल्या बाईने बोलावं का, असं क्षणभर वाटलं. हे म्हणाले, "कर सही. आबांना कळलं आणि केलेली नसली तर काय सांगशील?" उत्तर आलं आहे, सभ्य आहे. जूनच्या बैठकीत विषय घेतो म्हणतात, पण पायऱ्या काढल्या तर मोठ्या देणग्या कमी होतील अशी विश्वस्तांना भीती आहे. ती भीती खरीही असेल. मी त्यावर झोप न येता विचार केलाय. पैसे कमी झाले तर पहिली झळ आमच्याच माफीला बसेल, हे कळूनच सही केली.

तुम्हांला एक विचारायचं आहे. मुष्टिफंडाची नोंद घरवार ठेवायचे का? कुणाच्या घरून किती आलं हे बोर्डिंगातल्या पोरांना कळायचं का? तुम्ही स्वतः त्या ताटात जेवला आहात, म्हणून तुम्हांलाच विचारते. जमलं तर सविस्तर लिहा, फोनवर नको. मला ते बैठकीत सांगायचं आहे.

रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका, उन्हात मळ्यात जाऊ नका. दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आम्ही ५ जुलैला निघतो, तिकिटं झाली.

आई, त्या इरकलीचं उरलेलं सगळं मी बॅगेत घालून आणते. तुझीही जुनी लुगडी ट्रंकेत असतील ती कुणाला देऊ नकोस. चिऊला तुझ्याकडून धावदोरा शिकायचा आहे. तिने त्या चौकोनाला हाताने घातलेला जरा वाकडा होता, तो लिलावाआधी कुणीतरी उसवून मशीनवर सरळ मारून घेतला. तिने मला तेही त्या दिवशीच सांगितलं.

तुमची,
बेबी