नाण्यांचा नाद

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

या वयात नाण्यांचं काय खूळ डोक्यात घेतलंस, असं तू फोनवर विचारलंस आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसत सुटलास. म्हणून लिहूनच कळवतो. लांबलं तर दोन बैठकींत वाच.

आधी तुझी मोठी शंका फेडतो. नाही, यात पैसा नाही. माझ्याजवळच्या बहुतेक नाण्यांना बाजारात काडीची किंमत नाही. नवशिक्याने घ्यावीत तीही हीच, देशोदेशींच्या मिश्र नाण्यांची किलोवर मिळणारी पिशवी. ती टेबलावर पालथी करायची आणि वरून लोहचुंबक फिरवायचं. पोलादाची आणि शुद्ध निकेलची नाणी टकाटक चिकटतात, तांब्या-पितळेची जागची हलत नाहीत. मग लिपीप्रमाणे ढीग लावायचे. एकदा बसलो की जेवायला चार हाका माराव्या लागतात, हे तुझी वहिनी तुला माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगेल.

पण नाद लागला तो धातूमुळे. नाण्याच्या तोंडावर सरकार हवा तो रुबाब छापतं, कुठे गरुड, कुठे मुकुट, कुठे ब्रीदवाक्य. ते पाडलंय कशाचं हे पाहिलं की मात्र घरची खरी परिस्थिती कळते. माझ्याकडे १९४३ सालचा एक फ्रेंच फ्रँक आहे. ॲल्युमिनियमचा. तळहातावर ठेवला तरी ठेवल्यासारखा वाटत नाही. एका बाजूला गव्हाच्या लोंब्या, मध्ये दोन पात्यांची कुऱ्हाड, आणि नाव ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ नव्हे, नुसतं ‘फ्रेंच राज्य’. उलटून बघितलं तर ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ गायब! त्या जागी ‘श्रम, कुटुंब, पितृभूमी’. फ्रान्स जर्मनीपुढे पडल्यावर व्हिशीत बसून कारभार हाकणाऱ्या मार्शल पेतँच्या सरकारचं हे नाणं. आणि हाच फ्रँक १८०३ साली पाच ग्रॅम चांदीचा ठरवला गेला होता, तीही ९० टक्के शुद्ध. शाळेत आपण फ्रान्सचा पाडाव एका परिच्छेदात उरकला होता. या टिकलीएवढ्या वजनाच्या चकतीपाशी मी अख्खी संध्याकाळ बसलो.

त्याच सालचा अमेरिकन सेंट घे. तांबं दारूगोळ्याला हवं होतं, म्हणून १९४३ मध्ये तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला. नवा कोरा चांदीसारखा चमके, त्यामुळे लोक त्याला दहा सेंटचं नाणं समजत. पुढे गंजायचा. वर्षभरात प्रकरण आटोपलं, पण कोऱ्या चकत्या उरल्या. त्या फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने १९४४ साली वापरल्या कशासाठी, तर जर्मनांच्या तावडीतून सुटलेल्या बेल्जियमची दोन फ्रँकची नाणी पाडायला! याहून गंमत पाच सेंटच्या नाण्याची. त्याला तिकडे ‘निकेल’च म्हणतात. १९४२ मध्ये त्यातलं निकेल पार काढून ३५ टक्के चांदी घातली, कारण लढाईच्या कामाला निकेल जास्त गरजेचं होतं. ओळखायचं कसं? मागच्या बाजूला घुमटाची इमारत आहे, तिच्या डोक्यावर टाकसाळीचं ठसठशीत अक्षर असतं. शेजारच्या कॅनडाने आपल्या १९४३ च्या पाच सेंटवर कडेकडेने मोर्सच्या खुणांत संदेशच कोरला, की राजीखुशीने काम करू तेव्हा आपण जिंकू. भिंगाखाली ते टिंब-रेघा लावत बसणं म्हणजे काय सुख, हे तुला नाही कळायचं.

साल शोधणं हे आणखी एक व्यसन. थायलंडच्या नाण्यावर बौद्ध संवत असतो, ५४३ वजा करायचे. जपानी नाण्यावर सम्राटाच्या राजवटीचं वर्ष. शोवा म्हणजे सम्राट हिरोहितोची राजवट. शोवा ३९ असेल तर १९२५ मिळवून १९६४. जपानच्या पाच येनच्या पितळी नाण्याला मधोमध भोक, भोकाभोवती दातेरी चाक, वर लवलेली भाताची लोंबी, खाली आडव्या रेघा म्हणजे पाणी. कारखाना, शेती आणि मासेमारी एवढ्याशा जागेत बसवलीय. आपल्याला वाचता येईल असा एक आकडा त्यावर नाही! आणि मारिया थेरेसाचा चांदीचा थालर तर सरळ खोटं साल सांगतो. ती ऑस्ट्रियाची राणी १७८० मध्ये वारली, पण अरबस्तानातले आणि इथिओपियातले व्यापारी दुसरं नाणं हातात धरेनात. म्हणून पुढे दीडशेहून अधिक वर्षं, व्हिएन्नापासून लंडनपर्यंत, १९४०-४१ मध्ये तर मुंबईच्या टाकसाळीतही, तो १७८० याच सालाचा पडत राहिला.

मला वावडं एकाच प्रकाराचं. काही चिमुकली बेटं रंगीत चित्रांची, कधी कुणाच्या खिशात न गेलेली नाणी केवळ संग्राहकांना विकायला काढतात. ती मी घेत नाही. नाणं चार हातांतून फिरलेलं हवं, राजाचं नाक झिजलेलं चालेल.

एक मात्र ध्यानात ठेव. तुझ्या कपाटात जुनी नाणी असतील तर चमकवायला जाऊ नकोस. घासलं की वरचा मूळ पापुद्रा जातो, बारीक ओरखडे उरतात आणि जाणकाराला ते भिंगाशिवायही दिसतात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही नको, काही वर्षांनी हिरवट चिकट थर धरतो. कागदी पाकीट बरं. आणि नाणं धरायचं ते कडेने.

आता कामाचं. तुझा धाकटा पुढच्या महिन्यात झुरिकला जातोय ना? तिथल्या दहा रापेनच्या नाण्याचं रूप १८७९ पासून बदललेलं नाही, आणि त्या पहिल्या सालचं नाणंही आजवर कायद्याने चालतं. त्याला सांग, सुट्टे मिळाले की खिशात टाकण्याआधी साल बघ. १९३२ ते १९३९ मधली शुद्ध निकेलची आहेत, ती चुंबकाला चिकटतात. तेवढी माझ्यासाठी बाजूला ठेव म्हणावं. चुंबक हवं तर इथून पाठवतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधीर