सूचना : उन्हात राबणारी कातडी तपासून घ्या

बचत गटाच्या सर्व बायांनो,

निंदण असो की कापसाची वेचणी, दिवसभर ऊन आपल्याच अंगावर, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हानं कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. महिन्यातून एकदा कान, मान, खालचा ओठ, हात उजेडात नीट पाहा. खरखरीत चट्टा, रंग बदलणारा तीळ किंवा ४ आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर हळद दाबून बसू नका, आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा. माझ्या सासूबाईंच्या ओठावरचा पांढुरका डाग आम्ही चुन्याचा समजून वर्षभर सोडला. तो उन्हानं कातडी खराब झाल्याचा निघाला. अजून जीव हळहळतो. जन्मापासून अंग-केस पांढरे असलेल्यांनी तर दर ६ महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावंच.

पुढच्या बैठकीला येताना घरच्या म्हाताऱ्यांनाही आणा, एकमेकींची मान-पाठ तिथंच पाहू.