परिशिष्टातला गणपती

गिरगाव, मुंबई
गौरी-विसर्जनानंतरचा तिसरा दिवस

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला पोहोचल्याचा फोन आईला आला, मला आला नाही, आणि ते योग्यच झाले.

मोठ्या काकांनी महिनाभर खपून पुठ्ठ्यात उभारलेला देखावा, व्यास सांगताहेत आणि गणपती मोडलेल्या दाताने लिहितो आहे, हा सगळे पाहुणे वाखाणत असताना तू म्हणालीस की भांडारकर संस्थेने जुन्या पोथ्या ताडून काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हा प्रसंग मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. आजीच्या हातात तेव्हा निरांजन होते. मी तुझ्यावर ओरडलो ते आजीसाठी, असे मी दोन दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खरे नव्हे. तू आत गेल्यावर मंडळाच्या एका मुलाने, हातातला मोदक तसाच धरून, हसत हसत मला विचारले, "काका, मनू नेमके काय शिकते हो? आणि हे सगळे शिकवते कोण?" एवढेच. ज्या मुलांनी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून चाळीत पेढे वाटले, त्यांतलाच तो एक. त्याच दिवशी पाली आणि प्राकृतलाही तो दर्जा मिळाला हे तू त्याला जिन्यात सांगितले होतेस आणि त्याने तुला दोन पेढे जास्त दिले होते. मुलगा वाईट नाही. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही.

तू काय वाचतेस ते मला कळत नाही, असे समजू नकोस. छापखान्यात मी ३६ वर्षे मुद्रिते तपासली. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्या की जुळाऱ्याची नजर पहिलीवरून थेट दुसरीच्या शेवटावर उतरते आणि मधला मजकूर गळतो; कोणी समासात लिहिलेली टीप पुढच्या छपाईत मजकुरात जाऊन बसते. पोथ्या उतरवणाऱ्यांचेही असेच होत असे, हे तू एम.ए.च्या पहिल्या वर्षी पाठभेदांची तळटीप दाखवून मला सांगितलेस, तेव्हा आमचाच धंदा इतका मोठा असू शकतो याचा मला फार अभिमान वाटला. आमच्यापुढे निदान मूळ प्रत असे. तिथे मूळ प्रतच नाही, १,२५९ हस्तलिखिते आहेत, आणि १९१९ साली हाती घेतलेले काम १९६६ साली पुरे होते. त्याचे मुख्य संपादक सुकथनकर १९४३ सालीच गेले. दुसऱ्याच्या हातून पुरे होणार हे ठाऊक असलेले काम माणूस कसा करत असेल, याचा मी अधूनमधून विचार करतो.

म्हणून म्हणतो, परिशिष्टात घातले म्हणजे फेकून दिले नव्हे, हे वाक्याचे दुसरे अर्धे तू त्या दिवशी बोलायला हवे होतेस. संपादकांनी तो प्रसंग जपून छापला आहे. तो सर्व परंपरांच्या पोथ्यांत सापडत नाही, इतकेच त्यांचे म्हणणे. तू अर्धे बोललीस आणि ऐकणाऱ्याने पाव ऐकले. चार लोकांत बोलताना हे ध्यानात ठेव. शक्यतो चार लोकांत बोलूच नकोस. बघ, उपदेश करायचा नाही असे ठरवून लिहायला बसलो होतो, आणि हे मी कोणाला सांगतो आहे! क्षमा कर.

कान्हेरीची गोष्ट आठवते का? तू बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतीस, पाऊस लागला होता, माकडाने आईच्या हातातली चिवड्याची पुडी पळवली, आणि तू मात्र एका पाण्याच्या टाक्यावरच्या लेखापाशी उभी राहून, बोट दगडाला न लावता अक्षराअक्षरावरून फिरवत वाचत होतीस. कल्याणच्या व्यापाऱ्याचे दान, असे म्हणालीस. मग 'लेण' हा शब्द आला आणि मला तो तू न सांगताच कळला. टाक्याला तिथे 'पोढी' म्हटले आहे, तो शब्द मात्र आपल्याकडून हरवला, असे तू म्हणालीस. त्या दिवशी गाडीत मी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सांगितले की माझी मुलगी ब्राह्मी वाचते. चार लोकांत बोलायची खोड तू कोणाकडून घेतलीस, हे यावरून उघड आहे.

तुझ्या विभागाच्या चर्चासत्रात तू याच विषयावर निबंध वाचणार आहेस, असे आईकडून कळले. वाच. सभागृहात कोण कोण असते, बाहेरचे लोक येतात का, तेवढे मला कळव. रात्री परतताना मैत्रीण बरोबर असू दे. मी हे पुन्हा विचारणार नव्हतो.

शेंगदाण्याची चटणी आणि तुझी राहिलेली छत्री आत्याबरोबर पाठवतो आहे.

आणखी एक. काल निरांजन घासता घासता आजीने मला विचारले, "मग त्या परिशिष्टात गणपती काय म्हणतो रे?" लेखणी थांबता कामा नये ही त्याची अट आणि समजल्याशिवाय लिहायचे नाही ही व्यासांची, एवढे मी सांगितले, पण तिला शब्दन् शब्द हवा आहे. तो भाग उतरवून पाठव. तिच्या चष्म्याला बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा मोठ्या अक्षरात लिही, आणि पाठभेद असतील तर तेही खाली दे.

तुझे,
बाबा