रात्री १.४० चा स्क्रीनशॉट

प्रिय मनू,

काल तू फोन रागानंच ठेवलास, कळलं मला. "आई, सोड, तुला नाही कळायचं." बाबा म्हणाले, लगेच उलट फोन करू नकोस, म्हणून लिहायला बसले. चूक माझीच. तू तुझ्या टीममधल्या त्या मुलाबद्दल सांगत होतीस आणि मी आपलं एकच लावून धरलं, की स्क्रीनशॉट पाठवलास तेव्हा रात्रीचे १.४० वाजले होते, जागी का होतीस. आज ते विचारणार नाही.

त्याच्या कोडचा तो स्क्रीनशॉट मात्र नीट बघितला. चष्मा काढून, मोठा करून. एरर पकडलीय आणि तिचं काय करायचं ते लिहायचा कॅच ब्लॉक रिकामा! म्हणजे कोणी ओरडायला लागलं की त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा आणि सगळं शांत आहे म्हणून सांगायचं. भाषा किती बदलल्या, पण हा प्रकार आमच्या वेळचाच. मला हसूच आलं.

अकरा दिवस त्याच्याकडे तेच एक काम, तेच टिकेट, रोज स्टँडअपच्या मीटिंगला "जवळजवळ झालंय", आणि त्याचं होत नाही तोवर तुझं अडलेलं. रागापेक्षा कंटाळा जास्त येतो म्हणालीस, ते अगदी पटलं. कामानं माणूस दमतो, पण दुसऱ्याची वाट बघत नुसतं बसलं की आंबतो. त्यात तुझी मॅनेजर आता मदतीला अजून एक नवी मुलगी देणार. अगं, सॉफ्टवेअरवाल्या फ्रेड ब्रुक्सनं त्याच्या पुस्तकात १९७५ सालीच लिहून ठेवलंय, उशीर झालेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. त्या मुलीला शिकवणार कोण? तूच. तेव्हा मॅनेजरला स्पष्ट सांग, लेखी दे, तारखा घालून दे, कोणतं टिकेट किती दिवस... झालं, लेक्चर सुरू. दादा म्हणतो ते खरंय, मला पॉजचं बटणच नाही. सॉरी.

मला खरं तर एकच म्हणायचं होतं. त्याचं काम तुझ्याकडे तपासायला, रिव्ह्यूला येतं. तू शेरे लिहून परत पाठवत नाहीस. रात्री बसून स्वतःच दुरुस्त करतेस आणि मूळ कोडमध्ये मर्ज करून टाकतेस. सकाळी सगळं सुरळीत. झोप कोणाची गेली ते कुठेच दिसत नाही.

तू तीन महिन्यांची होतीस, मी रजेवर. वायटूकेची, म्हणजे २००० साल लागताना कॉम्प्युटर तारखेत गडबडतील म्हणून धास्ती घेतलेली १ जानेवारी काही न होता गेली म्हणून सगळे निर्धास्त होते. २९ फेब्रुवारी २०००, मंगळवार. ऑफिसात दिवसभराचे व्यवहार नोंदवणारी रात्रीची बॅच अडली, त्या तारखेचा एकही व्यवहार आत घेईना. तारीख तपासायचा प्रोग्राम माझ्या शेजारी बसणाऱ्यानं लिहिलेला, कोबॉल भाषेत. २००० ला शंभरनं भाग जातो म्हणून ते लीप वर्ष नाही, एवढं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. चारशेनंही भाग जातो म्हणून आहे, इथपर्यंत स्वारी पोचलीच नाही. काही न वाचता नुसतं चारनं भागलं असतं तरी बरोबर आलं असतं बघ!

तुला मांडीवर घेऊन, रिसीव्हर मानेत धरून मी म्हटलं, एकेक ओळ वाच. तो वाचत गेला आणि मध्येच थांबला. म्हणाला, "मॅडम, या वरच्या ओळी माझ्या नाहीत. कोणी बदलल्या?"

मीच बदलल्या होत्या. दीड वर्ष त्याचं सगळं मीच बदलत होते, त्याला न सांगता. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट यायला अजून पाच वर्षं होती, कोणी काय बदललं ते बघतंय कोण. त्याला वाटायचं, आपलंच चालतंय. साहेबांनाही तेच वाटायचं. रजेवर गेल्यामुळे त्या प्रोग्रामचा खालचा तारखेचा भाग तेवढा माझ्या नजरेखालून गेला नव्हता. साहेब नंतर म्हणाले, "तुम्ही असता तर हे झालं नसतं." किती वर्षं मी ते कौतुक म्हणून मिरवलं! माईनं तुला माझ्या हातातून घेतलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.

तू माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ लिहितेस. बाबांना मी तो स्क्रीनशॉट दाखवला, त्यांना ओ की ठो कळलं नाही, तरी दोनदा दाखवला. पण ही गुपचूप दुरुस्त करायची खोड माझी आहे गं. ती तुझ्यात बघितली आणि पोटात गोळा आला. राजीनामा द्यायचा तर दे, मी अडवणार नाही. म्हणजे, दुसरी नोकरी हातात असू दे. पण तोवर त्याचं काम शेरे लिहून त्याच्याकडे परत जाऊ दे. एकदा त्याच्या नावावर अडू दे.

काल ओरडले त्याचं मनात ठेवू नकोस.

आई

ता. क. स्क्रीनशॉट पुन्हा बघितला. तू दुरुस्त केलेल्या भागात एकेक रेकॉर्ड घेणारा लूप शेवटचं रेकॉर्ड घ्यायच्या आधीच थांबतोय असं मला वाटतंय. एकदा बघ. सकाळी बघ.