दिसत नसले तरी उजेड लागतो

महोदय,

झोपेविषयी जे छापून येते ते बहुधा मोबाइलपाशीच थांबते. ऑक्सफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ रसेल फॉस्टर यांच्या संशोधनाने मात्र आमच्या घरातली खाट हलवली. रॉड आणि कोन या दृष्टिपेशी नसलेल्या उंदरांचेही शरीराचे घड्याळ उजेडाने जुळते, हे त्यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले. डोळ्यातल्या आणखी काही पेशी दिवस-रात्रीची खबर मेंदूला देत असतात. रॉड-कोन पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजाराने वडिलांची नजर गेली तेव्हा ‘त्यांना काय उजेड नि काय अंधार’ म्हणत आम्हीच त्यांना माजघरात नेले होते. (खिडकीजवळची जागा टीव्हीला!) आता खाट पूर्वेच्या खिडकीशी आहे. दृष्टी गेलेल्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांनी झोपेबद्दलही विचारावे.

— एक वाचक, सातारा