दोन दिवसांची सुट्टी, आणि अमरावतीहून दिसणारा नकाशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'दोघांसाठी छोटी सहल' या विषयावर आलेला लेख वाचला. मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवून नवरा-बायकोने वर्षातून एकदा तरी बाहेर पडावं, हे त्यातलं म्हणणं मला मनापासून पटलं. आमच्या घरी आम्ही ते पाळतो, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पण लेखात पुढे जी ठिकाणं सुचवली आहेत ती वाचून वाईट वाटलं. लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर, अलिबाग, दिवेआगर. तुमचा अंक अमरावतीतही येतो, अकोल्यात, यवतमाळातही येतो. इथल्या वाचकाने या यादीचं काय करायचं?

माथेरानचंच घ्या. तिथे मोटारींना बंदी आहे, लाल मातीच्या वाटा आहेत, १९०७ पासूनची नेरळची छोटी गाडी आहे. दोघांनी जावं असंच ते ठिकाण आहे, याबद्दल वाद नाही. पण आम्ही शुक्रवारी संध्याकाळी अमरावती-मुंबई गाडी धरली तर पहाटे तिकडे पोचणार, मग लोकलने नेरळ, तिथून दस्तुरी नाका, तिथून पुढे आत. सामान टेकवेपर्यंत शनिवारची दुपार. रविवारी जेवण झालं की लगेच परतीची गडबड, आणि सोमवारी सकाळी न झोपलेल्या डोळ्यांनी मी वर्गात उभी. यात दोघांच्या वाट्याला एक संध्याकाळ येते. तेवढ्यासाठी दोन रात्री रेल्वेच्या बर्थवर घालवायच्या, तेही बहुतेक वेळा एक खालचा आणि एक पलीकडच्या डब्यातला!

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दोन दिवसांच्या सुट्टीचं ठिकाण नावावरून ठरवू नये, तासांवरून ठरवावं. आमचा नियम चार तासांचा आहे. आपल्या दारातून निघाल्यापासून खोलीचं कुलूप उघडेपर्यंत चार तासांहून जास्त लागत असतील तर ते ठिकाण कितीही देखणं असो, दोन मुक्कामांसाठी ते आमच्या कामाचं नाही. या चार तासांचा संबंध थकव्याशी आहेच, पण त्याहून जास्त मागे राहिलेल्या माणसांशी आहे. माझी मोठी नऊ वर्षांची आणि धाकटा सहाचा. सासूबाई सत्तरीच्या आहेत, गुडघे दुखतात. एकदा आम्ही बाहेर असताना रात्री दहाला त्यांचा फोन आला, धाकट्याला ताप आहे. त्यांनी शेजारच्या वहिनींना बोलावून डॉक्टरांना फोन केला, औषध दिलं, सगळं नीट केलं. आम्ही पहिल्या एसटीने निघून जेवणाच्या वेळेआधी घरी होतो. आम्ही कोकणात असतो तर ती रात्र आणि पुढचा अख्खा दिवस कसा गेला असता याची कल्पनाही करवत नाही. मुलं मागे ठेवून जाताना आईच्या पोटात जो गोळा असतो तो या चार तासांनी बराच हलका होतो, आणि तो हलका झाल्याशिवाय समोरचा डोंगर डोळ्यांना दिसत नाही.

मग अमरावतीकरांनी कुठे जावं? माझं उत्तर चिखलदरा. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण, उंची सुमारे १,१०० मीटर, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे. अमरावतीहून परतवाडा, आणि परतवाड्याहून वर चढायला दोन वाटा, एक धामणगाव गढीवरून आणि दुसरी घटांगवरून. तीन तासांच्या आगेमागे माणूस पोचतो. आम्ही मुद्दाम एसटीने जातो. स्वतःची गाडी नेली की घाटात यजमानांचं सगळं लक्ष वळणावर आणि माझं समोरून येणाऱ्या जीपवर. एसटीत दोघं एका बाकावर बसतो, खिडकी माझी. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चही नावापुरता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही असे बसने फिरायचो. घाट सुरू झाला की यजमान अजूनही तेव्हासारखेच माझ्या बाजूला सरकून बाहेर बघायला लागतात.

आता कधी जावं, हा प्रश्न ठिकाणाइतकाच मोठा आहे आणि पुरवण्यांमध्ये तो नेहमी एका शब्दात संपतो: पावसाळा. माझ्या यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. जून-जुलैमध्ये बियाणं, खत, तणनाशक यांच्या मागे त्यांना जेवायला फुरसत नसते. पेरणी फसली तर दुबार पेरणीची धांदल वेगळीच. विदर्भात निम्मी घरं शेतीशी अशीच बांधलेली आहेत, त्यांना 'जुलैत धुक्यात हरवून जा' असं सांगण्यात काय अर्थ? शिवाय जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात गाड्यांची जी रांग लागते तीत बोलणं हॉर्नच्या आवाजातच होतं. मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात मुलं घरी आणि ऊन, दिवाळीत पाहुणे.

आम्हाला सापडलेली फट म्हणजे महालक्ष्म्या आणि गणपती आटोपल्यानंतरचे दिवस. पितृपक्षात लोक सहसा बाहेर पडत नाहीत, खोल्या सहज मिळतात, पॉइंटवर शुकशुकाट असतो. पाऊस उतरणीला लागलेला असतो, पण भीमकुंडाचा धबधबा अजून भरून कोसळत असतो, आणि मेळघाटचं सागवान हिरवंगार असतं. सासूबाईंना आधी हे रुचलं नव्हतं. पक्षात कुठे हिंडायला जाता, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की सासऱ्यांची तिथी आणि सर्वपित्री दोन्ही घरी, नीट, सगळा स्वयंपाक मी करीन. मधले दोन दिवस तेवढे द्या. त्यांनी दिले. ज्यांना हा काळ चालत नसेल त्यांच्यासाठी जानेवारीचे शेवटचे दिवस आहेत. थंडी कडक असते, आकाश निरभ्र, आणि जवळच्या मोथा गावाकडच्या स्ट्रॉबेरीचाही तोच हंगाम.

तिथे गेल्यावर काय बघावं याची यादी मी देणार नाही, ती सगळीकडे आहे. पण एक नक्की सांगेन की पॉइंट उरकू नका. मुलं बरोबर असली की आपण पॉइंट उरकतोच: इथे फोटो, तिथे मक्याचं कणीस, याला शू लागली, तिला उलटी होतेय, चला पुढे. दोघंच असाल तर दिवसाला एक जागा पुरे. आम्ही एक अख्खी सकाळ गाविलगडाला दिली. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि वऱ्हाडातलं भोसल्यांचं राज्य हातचं गेलं, हे मी दरवर्षी पाठ्यपुस्तकाबाहेर जाऊन मुलांना सांगते. पण त्या दरवाजातून आत शिरून, तटावर बसून ते यजमानांना पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी मध्ये फोन न बघता ऐकलं. दुकानात बसणाऱ्या माणसाला समोरच्याचं बोलणं तोडून तिसऱ्याला उत्तर द्यायची सवय लागते, त्यात त्यांचा दोष नाही. तिथे तिसरा कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी पंचबोलला गेलो. हाक मारली की डोंगर ती परत परत देतात. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी मला माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली.

पहिल्या संध्याकाळी आमचं बोलणं घरचंच असतं. शाळेची फी, थकलेली उधारी, धाकट्याचं अक्षर. ते बोलून संपावं लागतं, त्याला एक संध्याकाळ जातेच. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुठे माणूस दुसऱ्या गोष्टींवर येतो. म्हणून एक मुक्काम पुरत नाही, दोन हवेत, आणि त्या दोन मुक्कामांतले तास रस्त्यावर सांडलेले नकोत.

कोणी म्हणेल, इतकंच एकांत हवं तर मेळघाटात आणखी आत, सेमाडोहला का राहत नाही? मेळघाट म्हणजे देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, जंगल अप्रतिम. पण जंगलात आत फोन लागत नाही. ज्यांची मुलं मोठी आहेत, त्यांनी जरूर जावं. फोन न लागणं हेच त्यांच्यासाठी सुख असेल. ज्यांचं लेकरू सहा वर्षांचं आहे त्यांनी अजून थोडी वर्षं थांबावं. चिखलदरा गावात फोन लागतो. रात्री आठला एकदा मुलांशी बोलायचं, मग तो पिशवीत ठेवायचा, हा आमचा नेम.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना समृद्धी महामार्गाने आणखी एक वाट मोकळी झाली आहे. साडेचार तासांच्या आसपास वेरूळ गाठता येतं. माझी चार तासांची मर्यादा थोडी ओलांडली जाते, पण कैलास लेण्यासाठी मी ती ओलांडीन. मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा हत्तीजवळ फोटो काढून बाहेर आलो. त्या एका लेण्यासमोर तीन तास बसायचं, वरच्या कड्यावर चढून ते वरून खाली कसं कोरत आणलं असेल ते बघायचं, तर दोघंच हवेत. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, एवढं ध्यानात ठेवून दिवस ठरवा. पचमढी मात्र दोन मुक्कामांच्या हिशेबात बसत नाही. विदर्भाचं तिच्याशी जुनं नातं आहे, मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी तीच होती आणि नागद्वारच्या यात्रेला आपल्याकडून आजही माणसं पायी डोंगर चढतात. पण तिथे तीन-चार दिवस काढूनच जावं, आणि नागपंचमीचा सुमार टाळून.

आता एक तक्रार. लेखात 'कपल पॅकेज' घ्यायचा सल्ला आहे. आम्ही एका ठिकाणी ते घेतलं होतं. पलंगावर पाकळ्यांचं बदाम, केक, मेणबत्त्या, सगळं होतं. आणि खिडकीखाली पोहण्याच्या तलावापाशी रात्री उशिरापर्यंत स्पीकर. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलो तर शनिवार आहे, असं उत्तर मिळालं. जास्तीचे पैसे पाकळ्यांना दिले आणि जे हवं होतं ते, शांतता, त्या पैशात नव्हतंच. तेव्हापासून खोली घेताना मी फोनवर तीनच गोष्टी विचारते: रात्री स्पीकर लागतो का, लग्नाचं किंवा ऑफिसचं मोठं बुकिंग त्या दिवशी आहे का, आणि सकाळी सहाला चहा मिळेल का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं देतात त्यावरून त्या जागेची बाकी व्यवस्था कळते.

मुलांना टाकून जाता, असं म्हणणारे नातेवाईक आम्हालाही आहेत. माझ्या आईनेही विचारलं होतं. मुलं टाकलेली नसतात, ती आजीच्या कुशीत गोष्टी ऐकत झोपलेली असतात, आणि आजीने त्यांना आमच्या माघारी काय काय खाऊ घातलं हे ती आठवडाभर सांगत असतात. राहिला प्रश्न आजीचा. आम्ही परतलो की पुढच्या आठवड्यात सासूबाई मोर्शीला बहिणीकडे जातात आणि तेवढे दिवस घर, मुलं, देवपूजा सगळं माझ्याकडे. हे आधीच ठरलेलं असतं. त्यांचीही सुट्टी आमच्या सुट्टीइतकीच पक्की असेल तरच त्यांच्याकडे मुलं ठेवून जाण्याचा आपल्याला अधिकार आहे, असं मला वाटतं.

आपल्याला विनंती अशी: पुढच्या वेळी अशी पुरवणी काढाल तेव्हा नागपूर, अमरावती, अकोला, नांदेड, जळगाव, सोलापूर, कोल्हापूर इथून चार तासांच्या आत काय आहे, ते त्या-त्या गावच्या माणसाकडून लिहून घ्या. नांदेडकर जोडपं सहस्रकुंडच्या धबधब्याला जातं की आणखी कुठे, सोलापूरकर काय करतात, हे मलाही वाचायला आवडेल. प्रत्येक ठिकाणाखाली परतीची शेवटची एसटी किती वाजता, जवळचा दवाखाना कुठे, फोन लागतो का आणि कोणत्या वारी बंद असतं, एवढ्या चार ओळी छापा. फोटो एक कमी झाला तरी चालेल. अमरावतीपुरतं लिहायला कोणी मिळालं नाही तर मी लिहून पाठवीन.

आपली नम्र वाचक,
एक शिक्षिका, अमरावती
(नाव व पत्ता संपादकांकडे)